त्या जगात भांडी कोण घासतं? : विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि राजकारण

दुर्बीण

कादंबरीचं राजकारण ओळखायची माझी एक घरगुती युक्ती आहे. नायकाची भाषणं सोडून द्यायची आणि त्या जगात भांडी कोण घासतं ते शोधायचं. लेखकाने सांगितलं असेल तर त्याचा कल तिथे कळतो. सांगायचं राहून गेलं असेल तर आणखीच कळतो.

एडवर्ड बेलामीच्या 'लुकिंग बॅकवर्ड'मध्ये (१८८८) ज्युलियन वेस्ट १८८७ साली बॉस्टनमध्ये झोपतो तो थेट २००० साली उठतो. खाजगी कारखाने गेले, दुकानं गेली, पैसा गेला. अख्खा देश हाच एकमेव मालक, आणि वयाच्या २१ ते ४५ पर्यंत सगळे 'औद्योगिक सैन्या'त भरती. डॉक्टर लीट हे सगळं पानंच्या पानं समजावून सांगतात आणि ते वाचताना माझा डोळा लागतो, खोटं कशाला बोलू? जाग येते ती ज्युलियन डॉक्टरांच्या बायकोला विचारतो तेव्हा: मग तुमच्याकडे घरकाम कोण करतं? बाई म्हणतात, करायला कामच नाही! कपडे सार्वजनिक धुलाईघरात, स्वयंपाक सार्वजनिक स्वयंपाकघरात. पुढे सगळे भोजनगृहात जातात, एक देखणा तरुण वाढपी येतो आणि ज्युलियन अवघडतो. त्याच्या काळात शिकलेल्या माणसाने दुसऱ्याला वाढणं म्हणजे कमीपणा. डॉक्टर सहज सांगतात की चाळीसेक वर्षांपूर्वी याच भोजनगृहात काही महिने मीही वाढपी होतो. त्या सगळ्या भाषणांपेक्षा मला हे एक वाक्य जास्त पटलं. बाकी नकोशा कामांवर बेलामीचा तोडगा सोपा आहे, जे काम कुणालाच नको त्याचे तास कमी करायचे.

विल्यम मॉरिसला ही सैन्याची कल्पना अजिबात झेपली नाही. तोही समाजवादीच, पण वेगळ्या घरातला. त्याने दोनच वर्षांत उत्तरादाखल 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' लिहिली. तिथे काम हाच आनंद, नाणं पुढे केलं तर नावाडी गोंधळतो आणि संसदेची इमारत खत साठवायला वापरतात (हे मात्र झकास!). पण अतिथिगृहात न्याहारी कोण वाढतं? बायका. पाहुण्याला ते खटकतं, तो विचारतोही, आणि म्हातारा हॅमंड त्याला सांगतो की घर चालवण्यात त्यांना आनंदच असतो. सगळं जग उलटंपालटं केलं, संसदेत खत भरलं, पण वाढपाचा मोठा चमचा काही हातातून हातात गेला नाही.

मग वेल्सचं 'द टाइम मशीन' (१८९५). कालप्रवासी ८,०२,७०१ सालात पोचतो, सुटी सुटी घरं दिसत नाहीत, सगळे सुंदर आणि निवांत, तेव्हा त्याच्या मनात पहिला शब्द येतो 'साम्यवाद'. मग जमिनीखालचे मॉरलॉक दिसतात आणि त्याला अंदाज बदलावा लागतो: हे तर मालक आणि मजूर, लाखो वर्षं वेगळे राहून दोन प्राणिजाती झालेले. मग कळतं की मजूर मालकांना खातात. एकाच पुस्तकात माणूस आपला सिद्धान्त पुन्हा पुन्हा मोडीत काढतो. विचारसरणी असलेला लेखक आणि विचारसरणीने पछाडलेला लेखक यांतला फरक मला इथे दिसतो.

शेवटचं उदाहरण माझं सगळ्यात लाडकं. अर्सुला ले ग्विनची 'द डिस्पझेस्ड' (१९७४). अनारेस नावाच्या रखरखीत चंद्रावर अराजकवाद्यांची वसाहत. सरकार नाही, मालमत्ता नाही, तुरुंग नाही. गटारं कोण साफ करतं? सगळे, आळीपाळीने, दर दहा दिवसांतला एक दिवस. सुरुवातीला एक प्रसंग आहे. बालगृहात उन्हाचा एक चौकोन पडलाय, त्यात एक बाळ बसलंय. दुसरं येतं, पहिलं त्याला ढकलतं आणि ओरडतं की हे ऊन माझं. सांभाळणारी बाई त्याला उचलून बाजूला करते आणि समजावते की इथे काहीच कुणाचं नसतं, वाटून घ्यायचं असतं. बाळ भोकाड पसरतं. ते बाळ म्हणजे पुढचा भौतिकशास्त्रज्ञ शेवेक. लेखिका स्वतः त्या अराजकवादाच्या प्रेमात आहे, तरी पहिलं रडू तिने त्याच समाजात रडवलंय. पुढे शेवेकच्या शोधनिबंधावर सबुल नावाचा ज्येष्ठ संशोधक स्वतःचं नाव सहलेखक म्हणून घालायला लावतो. कायदा नाही, पगार नाही, हुद्दा नाही, तरी साहेब तयार झालाच. कुठल्याही संशोधनसंस्थेत काही वर्षं काढलेल्या माणसाला सबुल ओळखता येईल. (मला आला. नाव सांगणार नाही.)

तर आपापली उदाहरणं टाका. युक्ती मोडणारी असतील तर उत्तम.

धूमकेतू

लेख आवडला, पण तुम्ही निवडलेली पुस्तकंच राजकीय आहेत हो. मी विज्ञानकथांकडे वळलो तो रॉकेट, रोबो आणि 'मग पुढे काय झालं' यासाठी. पूर्वी ते मिळायचं. हल्ली पुस्तक उघडलं की लेखक कॉलर धरून आपली मतं ऐकवतो. असिमॉव्हच्या 'फाउंडेशन'मध्ये कुठलं राजकारण होतं? मस्त गोष्ट होती. भांडी कोण घासतं हे मला तेव्हाही कळलं नाही आणि काही अडलंही नाही.

शंकासुर

धूमकेतू, 'पूर्वी' म्हणजे नक्की कधी? पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन न्यूयॉर्कला १९३९ मध्ये भरलं. तिथेच दारात राडा. 'फ्यूचरियन' नावाचा डाव्या विचारांच्या पोरांचा गट होता, त्यातल्या सहाजणांना पत्रकं वाटतील म्हणून आत घेतलंच नाही. त्यांत फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लथ आणि डोनाल्ड वोलहाइम होते, म्हणजे पुढे या क्षेत्राचे खांब झालेले लोक. थोडक्यात, राजकारणावरून भांडण पहिल्याच दिवशी झालं, संमेलन नंतर झालं.

१९६८ साली 'गॅलक्सी' मासिकात समोरासमोर दोन जाहिराती आल्या. एकीत व्हिएतनाममध्ये अमेरिकेने राहिलंच पाहिजे म्हणणारे लेखक: हाइनलाइन, पोल अँडरसन, लॅरी निव्हन, संपादक जॉन कॅम्पबेल. दुसरीत युद्धाला विरोध करणारे: ब्रॅडबरी, फिलिप के. डिक, डिलेनी, ले ग्विन. आणि हो, तुमचे असिमॉव्हही.

आता 'फाउंडेशन'. अहो, त्यात राजकारणाशिवाय आहे काय? समाजाचं भविष्य वर्तवणारं हॅरी सेल्डनचं गणित चालायला अट काय, तर लोकांना योजना कळता कामा नये. मूठभर जाणकारांनी हजार वर्षांचं ठरवायचं आणि कोट्यवधींनी नकळत तसंच वागायचं. शेजारच्या राज्यांना अणुऊर्जा द्यायची ती विज्ञान म्हणून नाही, धर्म म्हणून; वर पुजारी नेमायचे, म्हणजे राजाने आगळीक केली की देवच कोपतो. बिनराजकारणाची वाटली कारण ती विचारसरणी तुम्हाला (आणि मलाही, त्या वयात) स्वाभाविक वाटत होती. हुशार मुलं जगाचं भलं करतील, बाकीच्यांनी लुडबुड करू नये. शाळेत पहिला नंबर येणाऱ्या पोरांचं राजकारण आहे ते.

वाचनवेडी

शेवटचं वाक्य लागलं. माझा पहिला नंबर यायचा.

धूमकेतू

ठीक, 'फाउंडेशन' सोडलं. पण माझी तक्रार राजकारण असण्याबद्दल नाही, एकाच बाजूचं असण्याबद्दल आहे. हाइनलाइनला फॅसिस्ट म्हणून मोकळे होतात सगळे. 'स्टारशिप ट्रूपर्स'मध्ये (१९५९) मताधिकार कुणाला? ज्याने स्वेच्छेने सेवा पुरी केली त्याला. सक्ती नाही, कधीही सोडून जाता येतं, वंशभेद नाही. नायक रिको घरी तागालोग (फिलिपिन्सची भाषा) बोलतो हे शेवटी शेवटी जाता जाता कळतं, तेही अशा काळात जेव्हा नायक गोराच असणार हे कुणी सांगायचीही गरज नव्हती. आणि तुमच्या भांड्यांचं उत्तरही आहे त्यात. स्वयंपाक्यासकट प्रत्येकजण लढतो, प्रत्येकजण यानातून उडी मारतो.

दुर्बीण

उत्तर मान्य आणि चांगलं आहे! मी हाइनलाइनला फॅसिस्ट म्हणणार नाही, कारण एका चौकटीत तो मावतच नाही. १९३४ साली हाच माणूस अप्टन सिंक्लेअरच्या डाव्या प्रचारमोहिमेत राबत होता. १९३८ ला स्वतः डेमोक्रॅट म्हणून कॅलिफोर्नियाच्या विधानसभेला उभा राहिला आणि पडला. १९५९ ला 'ट्रूपर्स'. दोनच वर्षांत 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड', जी हिप्पींनी उशाशी ठेवली. १९६६ ला 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस', ज्यात चंद्रावरचे लोक पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध उठाव करतात आणि ज्यावर सरकारच नको म्हणणारे आजही जीव टाकतात. सैनिकी शिस्त, मुक्त प्रेम आणि किमान सरकार, सात वर्षांत तिन्ही! आणि तिन्हींना विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार.

माझी अडचण वेगळी आहे. 'ट्रूपर्स'मध्ये वर्गात एक निवृत्त अधिकारी शिकवतो, मार्क्सला चिखलाच्या लाडवांचं उदाहरण देऊन (कितीही मेहनत घ्या, चिखल तो चिखलच) निकालात काढतो, आणि वर्गात एकाही पोराला त्याला नीट उलट प्रश्न विचारता येत नाही. बेलामीच्या डॉक्टर लीटचा हा जुळा भाऊ. एक डावीकडचा, एक उजवीकडचा, पण दोघांच्याही समोर बसलेला माणूस फक्त 'अच्छा, असं होय' म्हणायला ठेवलेला. सेवा म्हणजे फक्त सैन्य नव्हे, बहुतेक नागरी नोकऱ्याच होत्या असं हाइनलाइनने नंतर सांगितलं, पण कादंबरीत शोधायला गेलं तर ते काही हाती लागत नाही.

शंकासुर

'ट्रूपर्स' वाचलेल्यांनी जो हॉल्डेमनची 'द फॉरएव्हर वॉर' (१९७४) लगेच वाचावी. हॉल्डेमन स्वतः व्हिएतनाममध्ये जखमी झालेला. चिलखतं तशीच, परग्रहावरचं युद्ध तसंच, पण प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास प्रवास केल्यामुळे सैनिक परत येतो तेव्हा पृथ्वीवर कितीतरी वर्षं उलटलेली असतात आणि त्याला कुणी ओळखतच नाही. सापेक्षतावादाचा असा उपयोग दुसऱ्या कुणी केलेला मला माहीत नाही. परतलेल्या सैनिकाचं परकेपण सांगायला गणित वापरलंय.

निवांत

सगळे रॉकेटवाल्यांवरच बोलताय. अद्भुतकथांचं काय?

टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर दुर्बीणताईंची युक्ती लावून पाहिली. भांडी सॅम वाहतो. अक्षरशः. नायक फ्रोडोचा माळी, पाठीवर तवे-पातेली घेऊन शत्रूच्या, म्हणजे सॉरॉनच्या, मॉर्डॉर देशापर्यंत जातो. शेवटी ओझं झेपेना म्हणून त्याला ती दरीत फेकावी लागतात आणि अंधारात खणखणत जाणारा तो आवाज त्याला काळजात मृत्यूच्या घंटेसारखा लागतो. राजाच्या राज्याभिषेकापेक्षा मला तो प्रसंग जास्त लक्षात आहे. सॅमचं मूळ आपण पहिल्या महायुद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांत आणि अधिकाऱ्यांच्या सेवकांत आहे, आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी वरचढ होते, असं टोल्कीनने लिहून ठेवलंय. आता यात सरंजामी कौतुक आहे की सरंजामशाहीची लाज? मला दोन्ही वाटतं. शेवटी तोच माळी मालकाच्या घरात राहायला जातो आणि सात वेळा आपल्या मुलखाचा, शायरचा, महापौर म्हणून निवडून येतो. टोल्कीनच्या अख्ख्या कल्पित जगातलं, मिडल-अर्थमधलं, लोकांनी निवडून दिलेलं एकुलतं एक पद, आणि ते माळ्याकडे.

या पुस्तकाला प्रत्येकाने आपलं म्हटलंय. साठच्या दशकात अमेरिकेतले विद्यार्थी 'फ्रोडो जिवंत आहे' असे बिल्ले लावत. १९७७ साली इटलीत नवफॅसिस्ट पक्षाच्या युवा शाखेने शिबिर भरवलं, त्याचं नाव 'कॅम्प हॉबिट' (हॉबिट म्हणजे फ्रोडो-सॅमची बुटकी जमात). २००३ साली माहितीचं विश्लेषण करणारी कंपनी निघाली, तिचं नाव 'पलँटिर'. पलँटिर म्हणजे दूरचं दाखवणारा स्फटिक. पण पुस्तकात राजाविना राज्य सांभाळणारा डेनेथॉर त्यात बघतो तेव्हा त्याला दिसतं ते खरंच असतं, फक्त काय दिसावं यावर सॉरॉनचा ताबा असतो, आणि ते बघून तो खचून स्वतःला जाळून घेतो. नाव ठेवताना हे प्रकरण कुणाला आठवलं नसेल का?

टोल्कीन स्वतः काय होता? १९४३ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात म्हणतो की माझा कल अराजकाकडे झुकत चाललाय, म्हणजे बॉम्बवाल्यांच्या नव्हे, कुणी कुणावर हुकूम चालवू नये या अर्थाने. नाहीतर मग घटनेने न बांधलेल्या राजेशाहीकडे. एका वाक्यात दोन टोकं. इंग्रज अद्भुतकथाकार मायकल मूरकॉकला असलं काही चालत नाही. त्याने सत्तरच्या दशकातल्या लेखात टोल्कीनला मध्यमवर्गाला थोपटून झोपवणारा लेखक ठरवून टाकलं. मूरकॉकचा राग मला कळतो, पण तव्यांचा तो आवाज त्याला ऐकूच आला नाही.

पाटीपेन्सिल

निवांत, छान लिहिलंय, पण एक दुरुस्ती. निवडून दिलेलं एकुलतं एक पद नाही ते. टोल्कीनच्याच 'द हॉबिट'मध्ये लेकटाउन शहराचा मास्टर (प्रमुख) हाही निवडलेलाच. ड्रॅगन मेल्यावर लोक त्याला मारणाऱ्या बार्डच्या नावाने राजा राजा म्हणून ओरडायला लागतात, तेव्हा मास्टर बाजू मांडतो की आम्ही कायम जाणत्या वयस्कांतून मास्टर निवडत आलोय, लढवय्यांचं राज्य कधी सोसलं नाही. मुद्दा अगदी बिनतोड. पण टोल्कीनने तो एका लोभी, पळपुट्या माणसाच्या तोंडी दिलाय. शेवटी तो सोनं घेऊन पळतो आणि ओसाड जागी उपाशी मरतो. लोकशाहीचा वकील असा निवडला की निकाल आपोआप लागतो.

निवांत

पाटीपेन्सिल, दुरुस्ती शिरसावंद्य. हे माझ्या मुद्द्यावर पाणीच पडलं. सॅमच्या महापौरपदाने मी हुरळून गेलो होतो.

वाचनवेडी

'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनने हेच विचारलं होतं ना, की अरॅगॉर्न चांगला राजा झाला म्हणता, पण त्याचं करधोरण काय होतं? सॉरॉनच्या फौजेतल्या उरलेल्या ऑर्कांचं काय केलं, त्यांच्या पाळण्यातल्या पोरांचं काय?

रशियन लेखक किरिल येस्कोव्हने तर १९९९ साली सगळी कथाच मॉर्डॉरच्या बाजूने लिहिली. मॉर्डॉर म्हणजे विज्ञान-उद्योगाकडे निघालेलं राज्य आणि गँडाल्फ त्याचा काटा काढायला निघालेला जादूगार. कल्पना भारी, पण मला पुस्तक मध्येच हेरकथा होऊन भरकटलेलं वाटलं.

कोलांटउडी

राजांचा विषय निघालाय तर टेरी प्रॅचेटला आत घ्या. त्याच्या विनोदी अद्भुतकथांतल्या शहराच्या गादीचा खरा वारस जिवंत आहे, तलवार आहे, जन्मखूण आहे, सगळं साग्रसंगीत. आणि तो पोलिसात कॅप्टन आहे आणि सिंहासनाचं नाव काढत नाही. त्याचा वरिष्ठ सॅम व्हाइम्स, ज्याच्या पूर्वजाने शेवटच्या राजाचं डोकं उडवलं होतं.

'मेन ॲट आर्म्स'मध्ये (१९९३) व्हाइम्सचा बुटांचा हिशेब आहे. त्याचा महिन्याचा पगार अडतीस डॉलर. चांगले बूट पन्नास डॉलरचे, दहा वर्षं टिकतात. स्वस्तातले दहा डॉलरचे, एक-दोन मोसमांत तळ झिजतो. म्हणजे पन्नास डॉलर ज्याच्याकडे एकरकमी आहेत त्याचे पाय दहा वर्षांनीही कोरडे, आणि गरिबाने तेवढ्या काळात शंभर डॉलर घातले तरी पाय ओलेच. व्हाइम्सला तर तळव्याखालच्या रस्त्याच्या दगडांवरून अंधारात कळतं की आपण कुठल्या गल्लीत आहोत. अर्थशास्त्राचं अख्खं पुस्तक एका भोकाच्या बुटात! २०२२ साली ब्रिटनमध्ये गरिबांच्या महागाईचा वेगळा निर्देशांक काढायची कल्पना निघाली तेव्हा तिला व्हाइम्सच्या बुटांचंच नाव दिलं.

धूमकेतू, हा उपदेश वाटतो का सांगा.

धूमकेतू

नाही वाटत. कारण व्हाइम्स ते चालता चालता म्हणतो, व्यासपीठावरून नाही. माझी तक्रार बहुधा याच फरकाबद्दल आहे.

जुनापुराणा

उशिरा आलो. बेलामीचं नाव निघालं आणि अलेक्झांडर बोगदानोव्ह राहिला, म्हणून लिहितो.

'रेड स्टार', १९०८. बोगदानोव्ह म्हणजे लेनिनचा साथी, नंतरचा प्रतिस्पर्धी. त्याच वर्षी कॅप्री बेटावर दोघे बुद्धिबळ खेळताहेत असा फोटोही आहे. कादंबरीतला बोल्शेविक लिओनिद मंगळावर जातो, तिथे साम्यवाद कधीच आलेला. कारखान्यात मोठे फलक असतात, कुठल्या उद्योगात किती हात कमी आणि कुठे जास्त याचे आकडे त्यांवर सतत बदलतात आणि लोक ते बघून आपलं आपण काम बदलतात. हुकूम नाही, फक्त आकडे. मात्र मला आजही झोप लागू न देणारं पात्र म्हणजे स्टर्नी. मंगळावर साधनं संपत आलीत, तेव्हा हा गणिती थंडपणे मांडतो की पृथ्वीवर वसाहत करायची तर पृथ्वीवासीयांना संपवावं लागेल. त्याचा एक युक्तिवाद असा, की पृथ्वीवर काही देशांत समाजवाद आला तरी चहूबाजूंनी वेढलेला राहील, आणि वेढ्यात राहून तो ओळखू येणार नाही इतका विद्रूप होईल. हे रशियन राज्यक्रांतीच्या नऊ वर्षं आधी, एका क्रांतिकारकाने, आपल्याच आदर्श समाजातल्या माणसाच्या तोंडी घातलं.

कादंबरीतले मंगळवासी तरुण राहण्यासाठी एकमेकांशी रक्ताची अदलाबदल करतात. ते फक्त गोष्टीपुरतं नव्हतं. बोगदानोव्ह डॉक्टर होता, १९२६ साली त्याने मॉस्कोत रक्तसंक्रमणाची संस्था काढली, स्वतःवर प्रयोग केले, आणि १९२८ मध्ये एका विद्यार्थ्याशी रक्ताची अदलाबदल केल्यावर त्यातच गेला. विद्यार्थी वाचला.

वाचनवेडी

बाप रे. हे माहीतच नव्हतं.

निशाचर

भांड्यांवर इयन बँक्सला विसरून कसं चालेल? 'कल्चर' मालिका (पहिली कादंबरी १९८७). कल्चर हा असा समाज: टंचाई संपलेली, पैसा नाही, कायदे जवळजवळ नाहीत, कारभार अफाट बुद्धीची यंत्रं बघतात. 'यूज ऑफ वेपन्स'मध्ये (१९९०) झकाल्वे नावाचा बाहेरचा माणूस कल्चरच्या जहाजावर येतो. तिथे एकजण टेबल पुसतोय. झकाल्वेला वाटतं, याला शिक्षा झालीय का? तो म्हणतो, छे, एरवी मी परक्या धर्मांचा अभ्यास करतो. पण पुसलेलं टेबल बघून मला बरं वाटतं आणि येणाऱ्यालाही बरं वाटतं. काम यंत्रालाही करता आलं असतं, ते महत्त्वाचं नाही.

इथवर वाचून मी खूश झालो होतो. पण तो प्रश्न विचारणारा झकाल्वे कोण? कल्चरने भाड्याने ठेवलेला योद्धा. इतर ग्रहांवरचं राजकारण 'सुधारायला' जी युद्धं, खून, दगाबाजी लागते ती कल्चरचे गोड स्वभावाचे नागरिक करत नाहीत, झकाल्वेसारख्यांकडून करून घेतात. म्हणजे टेबल हौसेने पुसायचं आणि खरकटं बाहेरच्याकडे द्यायचं. बँक्स स्वतः समाजवादी, कल्चर हे त्याचं स्वप्न, आणि स्वप्नातली मोरी कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं.

एक गंमत. इलॉन मस्कच्या रॉकेटं उतरवायच्या तराफ्यांना बँक्सच्या जहाजांची नावं आहेत: 'जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स' आणि 'ऑफ कोर्स आय स्टिल लव्ह यू'. पैसा आणि मालमत्ता संपलेल्या जगाचे चाहते कुठे कुठे असतात पाहा.

पाटीपेन्सिल

मराठीतलं एक उदाहरण मांडतो. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जातात जिथे पानिपतावर मराठे जिंकलेत. सगळं कशावरून फिरतं? बखरीतल्या एका ओळीवरून: गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून गेली, तिळभर फरकाने वाचले.

आम्ही लहानपणी ती 'आपण जिंकलो' म्हणून वाचली. परवा पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की जिंकल्यावर पुढे काय होतं ते बघायला हवं होतं. पेशवे कंपनीला हातपाय पसरू देत नाहीत, पण युरोपातल्या तंत्रज्ञानाचं महत्त्व ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रं उभारतात. दिल्लीचा बादशहा नामधारी म्हणून तसाच ठेवतात. आणि विसाव्या शतकात पेशवेही मागे पडून त्यांची जागा निवडून आलेल्या संस्था घेतात. बादशहा संसदेच्या शिफारशींवर शिक्का मारायला उरतो. म्हणजे कथा विजयाची, पण तिचं स्वप्न स्वावलंबी विज्ञान आणि संसदीय लोकशाही. ज्याला त्या कथेतून फक्त तलवार हवी असेल त्याने ती अर्ध्यावर सोडलेली बरी.

कोलांटउडी

+१. आणि भांड्यांवर थेट उत्तर हवं असेल तर बेगम रुकैया यांची 'सुलतानाज ड्रीम', १९०५. बायका राज्य करतात, पुरुष पडद्यात. स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही, सगळं सूर्याच्या उष्णतेवर. तेच ऊन शत्रूच्या फौजेवर वळवून युद्धही जिंकलेलं. निवेदिका विचारते, तुम्ही बायका कचेरीचं काम उरकता कसं? उत्तर: दोन तासांत. पुरुष सात तास बसायचे खरे, पण एका चिरूटला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट, करा हिशेब.

मॉरिसच्या वाढपाच्या चमच्याला पंधरा वर्षांत मिळालेलं उत्तर आहे हे, जरी तिने तो वाचला असो वा नसो.

धूमकेतू

हा हिशेब आवडला. सहा तास चिरूट, एक तास काम. ही गोष्ट आज रात्रीच वाचतो.

दुर्बीण, तुमच्या युक्तीला एक उलटा प्रश्न. जिथे लेखक मुद्दाम सांगतच नाही, तिथे काय करता?

दुर्बीण

मुद्दाम न सांगणारी एक कथा आहे, पुन्हा ले ग्विनचीच: 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास' (१९७३). सुंदर शहर, उत्सव, घोडे, आणि ती वाचकालाच म्हणते की तुम्हाला हवं ते यात घाला, रेल्वे घाला, कपडे धुण्याची यंत्रं घाला. कारभार कसा चालतो ते सांगत नाही. मग तळघरातली खोली दाखवते, जिथे एक मूल कोंडलंय आणि त्याच्या हालांवर सगळ्या शहराचं सुख उभं आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. काहीजण ते पाहून शहर सोडून जातात, बहुतेक राहतात.

ती खोली झाडू-पोछा ठेवायची आहे. कोपऱ्यात घाण वास मारणारे, घट्ट झालेले पोछे आणि एक गंजकी बादली. त्या मुलाला त्या पोछ्यांची भीती वाटते. ते डोळे मिटून घेतं, तरी त्याला माहीत असतं की ते तिथेच उभे आहेत.

धूमकेतू

वाचली आत्ता. चिरूट उद्यावर ढकलला. पोछे तिथे आहेत, बादली आहे, आणि ते मूल स्वतःच्या घाणीत बसलंय. म्हणजे ती खोली सोडून बाकी सगळं शहर कुणीतरी पुसतंय. कोण, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.